एका जुन्या साडीची बाळवाकळ: शिवायची कशी, द्यायची कशी

दसरा झाला, पाऊस उघडला आणि बेळगावात पहाटे अंगावर काहीतरी ओढून घ्यावंसं वाटू लागलं, की वाकळ, म्हणजे गोधडी, घालायला बसायचे दिवस आले. याच सुमारास निपाणी, चिकोडी, संकेश्वर, रायबाग, अथणी या पट्ट्यात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. बीडकडून, विजापूरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि रानाच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या कामट्या, वर ताडपत्री, खाली पाचट. नवरा-बायको दोघंही पहाटे अंधारात फडावर जातात आणि तान्हं मूल त्यांच्याबरोबर फडावर जातं. नाताळाच्या आठवड्यात दव इतकं पडतं की ताडपत्रीवरून पाणी ओघळतं.

आपल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांनी आगमनकाळात (नाताळाआधीच्या चार आठवड्यांत) काय करावं, असं कुणी विचारलं की मी हेच सांगते: घरातल्या एका जुन्या सुती साडीची एक लहान वाकळ शिवा आणि अशा एका बाळाला द्या. पैसा फारसा लागत नाही. लागतं ते चांगलं कापड, संध्याकाळचा वेळ आणि देताना जिभेवर ताबा. हे तिन्ही कसं जमवायचं ते खाली सविस्तर लिहिते. माप धरलं आहे ३ फूट बाय ३ फूट, चार पदरी. ज्यांनी कधी वाकळ घातलेली नाही त्यांनी याच मापापासून सुरुवात करावी. मोठी वाकळ पहिल्यांदाच घ्याल तर ती माळ्यावर अर्धी पडून राहील.

कापड कुठलं घ्यायचं

सगळ्यात जास्त विचार इथं करा. जुनं कापड काढायला बसलो की हात आपोआप त्या बोचक्याकडे जातो, जे बोहारणीला द्यायचं म्हणून बाजूला बांधून ठेवलेलं असतं. तिथून सुरुवात करू नका. कपाटातल्या त्या साड्या बघा ज्या नेसणं कमी झालंय पण धड आहेत. बायबलमधल्या दावीद राजाला वेदी बांधायची होती तेव्हा अरवना यबूसी आपलं खळं, बैल आणि लाकूड सगळं फुकट द्यायला तयार होता. दाविदानं ते घेतलं नाही. ज्याला माझी काही किंमत पडली नाही ते मी माझ्या देवाला अर्पण करणार नाही, असं म्हणून त्यानं ५० शेकेल चांदी मोजली (२ शमुवेल २४). मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात देव याजकांना विचारतो की आंधळं, लंगडं जनावर तुम्ही मला आणता, ते तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या बघू, तो खूश होईल का? साधं देणं आणि टाकाऊ देणं यात फरक आहे, आणि तो कपाटासमोर उभं असतानाच ठरतो. माझी कसोटी सोपी आहे: हे कापड माझ्या लेकीच्या बाळंतपणात मी वापरलं असतं का? नसतं, तर ते फरशी पुसायला ठेवा.

कापड शंभर टक्के सुतीच हवं. कोपीत चूल आणि पाचट हातभर अंतरावर असतात. ठिणगी पडली तर सूत जळतं, पण नायलॉन-पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. शिवाय सिंथेटिक कापड घाम शोषत नाही. साडी सुती आहे की नाही याची खात्री नसेल तर कडेचे दोन-चार धागे उपसून चिमट्यात धरून पेटवा. सुताला कागद जळाल्यासारखा वास येतो आणि बोटानं चुरली जाणारी मऊ राख राहते. मिश्रणाचा धागा आकसतो आणि त्याची टणक काळी गुठळी होते. शहापूर, वडगाव, खासबागच्या मागांवरची किंवा शिंप्याकडची कात्रणं स्वस्तात मिळतात म्हणून पुष्कळजणी आणतात. त्यातलं बरंचसं कापड सुती नसतं, तेव्हा बाळासाठी ते घेताना ही परीक्षा चुकवू नका.

मग साडी उजेडासमोर धरा. जिथं उजेड जास्त झिरपतो तिथं ती विरलेली आहे. साडी बहुतेक वेळा बसायच्या जागी आणि खालच्या काठालगत विरते. पदर आणि आत खोचलेला भाग त्या मानानं शाबूत असतो. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आडवं-उभं ताणून बघा. ‘चर्र’ असा आवाज आला तर तो भाग वगळा. वगळलेला भाग फेकू नका, त्याचं काम शेवटी आहे.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर भरते, पन्हा सव्वा मीटरच्या थोडा आत. त्यातून एक-एक मीटरचे चार धड तुकडे निघाले की आपली वाकळ झाली. दीड मीटर विरलेलं निघालं तरी एका साडीत भागतं. नऊवारी असेल तर हात सैल सोडा. तुकडा कमी पडला तर जुन्या धोतराचा किंवा पंचाचा पदर आत घाला, आतल्या थराला धोतरासारखं कापड नाही. जरीचा पदर घेऊ नका. जरीचे धागे बाळाला टोचतात.

धुणं आणि डांबरगोळीचा प्रश्न

हा मुद्दा कुणी सांगत नाही म्हणून ठळकपणे लिहिते. साडी ट्रंकेत डांबरगोळ्यांबरोबर ठेवलेली असेल तर ती बाळासाठी वापरायची की नाही, याचा नीट विचार करा. डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनची वाफ कापडात मुरते आणि नवजात बाळाच्या अंगात जाऊ शकते. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात, कावीळ वाढते आणि जिवावर बेतू शकतं. नुसतं एकदा पाण्यातून काढून हे जात नाही. असं कापड बाळाच्या वाकळीला न वापरलेलं बरं. मोठ्या माणसाच्या वाकळीला, तेही पुष्कळ धुऊन आणि उन्हात टाकून, चालेल. पुढच्यासाठी साड्यांत वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा.

बाकी कापड गरम पाण्यात साबणानं धुवा आणि कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. रंग जातो का ते आधी बघा: ओल्या कापडावर पांढरं फडकं दाबून धरा. डाग उमटला तर ते वेगळं धूत राहा, पाणी नितळ येईपर्यंत. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून नवं-जुनं मिसळत असाल तर नव्याला शिवण्याआधी पाणी दाखवाच. नाहीतर वाकळ धुतल्यावर एक थर आटेल, दुसरा फुगेल आणि सगळी आखडून बसेल.

कापणं आणि थर लावणं

साडीचे दोन्ही काठ आधी उतरवून घ्या. त्यांचा गोट, म्हणजे वाकळीच्या कडेची पट्टी, करायचा आहे. वाकळीचा घेर होतो १२ फूट, म्हणजे साडेतीन मीटरच्या थोडा वर. एका बाजूचा काठ त्याला पुरून उरतो.

चारही तुकडे इस्त्री करा. इस्त्री नसेल तर गादीखाली रात्रभर दाबून ठेवा. स्वच्छ पुसलेल्या फरशीवर एकावर एक अंथरा. खाली आणि वर सगळ्यात धड आणि मऊ दोन तुकडे, मध्ये उरलेले दोन. प्रत्येक थर मधून कडेकडे तळहातानं सारत न्या. घाई करू नका, इथं राहिलेली सुरकुती पुढं कधीच जात नाही.

आता कच्चा टाका. मध्यापासून सुरू करून चारही बाजूंना, वीतभर अंतरावर, लांब लांब टाके घालत कडेला जा. पक्की शिवण आपण कडेकडून आत घालणार आहोत. कच्चा टाका नसेल तर शिवता शिवता कापड पुढं सरकत जातं आणि मधोमध फुगा येतो. कच्च्या टाक्याला वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, शेवटी तो उसवायला सोपा जातो.

मंडळीत मिळून करत असाल तर हे काम वयस्क आजींना द्या. कच्च्या टाक्याला नजर बारीक लागत नाही, पण हाताला कापडाची जाण लागते, आणि ती त्यांच्याइतकी कुणाला नसते. संडे स्कूलच्या मुलांना आधीच सुया ओवून एका फडक्यात टोचून ठेवायला सांगा. आजींना मग दर वेळी सुई वर धरून कुणाला तरी हाक मारावी लागत नाही.

धावदोरा

सुई लांब आणि मध्यम जाड घ्या. दाभण नको, त्यानं जुन्या सुताला भोकं पडतात. दोरा सुतीच, जाड. साधा शिलाईचा असेल तर दुहेरी करा. दोरा मेणावरून एकदा ओढून घ्या, गुंता होत नाही आणि टिकतो जास्त. आमच्याकडे वेदीवरच्या मेणबत्त्यांची थोटकं याच कामासाठी साठवतात. एका वेळी हातभरच दोरा ओवा. लांब दोऱ्यानं वेळ वाचतो असं वाटतं, पण त्याच्या गाठी सोडवण्यात दुप्पट वेळ जातो.

एका कोपऱ्यात, दोन थरांच्या मध्ये गाठ लपवून सुरू करा. कडेपासून बोटभर आत, कडेला समांतर चालत जा, कोपऱ्यावर वळा, पुन्हा चाला. एक फेरी पुरी झाली की आत बोटभर अंतर सोडून दुसरी. असं फिरत फिरत मध्यावर यायचं. सुईवर चार-पाच टाके भरायचे, डाव्या हाताची बोटं खालून लावून सगळे थर धरले गेलेत याची खात्री करायची आणि मग दोरा ओढायचा. दोरा इतकाच ओढा की कापडावर टाक्यागणिक हलकी खळी पडेल. जास्त ओढलात तर वाकळ कडक होते.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा असावा. हे दिसण्यासाठी सांगत नाही. लांब किंवा सैल टाक्यात तान्ह्याचं बोट अडकतं. दोरा बोटाला आवळला तर सूज येते आणि आईच्या ते लवकर लक्षातही येत नाही. त्याच कारणानं मणी, टिकल्या, बटणं, लेस, लोंबते गोंडे काही लावायचं नाही.

बोटभर अंतरानं फेऱ्या घातल्या तर एकूण शिवण साधारण ४० मीटर होते. एकेरी जाड दोरा ५० मीटरच्या आसपास लागतो, दुहेरी असेल तर १००. रोज दिवेलागणीनंतर तासभर बसलात तर दोन-तीन आठवड्यांत होते. पक्की शिवण ऑक्टोबरच्या शेवटी सुरू केली तर आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपर्यंत वाकळ हातात येते.

मशीनवर एका दुपारी होईल, हे खरं. ज्यांचे हात दुखतात, ज्यांना नोकरीमुळे वेळ नाही त्यांनी मशीनवरच करावी. पण जमत असेल तर हातानं घाला असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. हाताची वाकळ मऊ राहते हे एक. दुसरं असं, की कापड तर आपल्याकडे पडूनच होतं. दाविदाला जी किंमत द्यायची होती ती आपण इथं देतो, संध्याकाळच्या तासांत. मी शिवताना त्या बाळासाठी आणि त्याच्या आईसाठी प्रार्थना करते. एक फेरी, एक प्रार्थना. नाव माहीत नसतं, देवाला ते माहीत आहे.

यापो गावच्या टबीथाची गोष्ट (प्रेषितांची कृत्ये ९) या कामात फार जवळची वाटते. ती गेली तेव्हा विधवा रडत प्रेषित पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिनं शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं त्याला दाखवू लागल्या. तिचं एकही वाक्य शास्त्रात नोंदलेलं नाही. वचन म्हणतं की ती त्यांच्याबरोबर असताना तिनं ही वस्त्रं केली. घरी शिवून पाठवून दिली असं नाही, ती त्यांच्यात होती.

गोट आणि कोपरे

मधला शेवटचा टाका झाला की कच्चा दोरा उसवा आणि चारही कडा कात्रीनं सारख्या करा. उतरवलेला काठ मधोमध दुमडून कडेवर बसवा, आधी टाचण्या, मग तुरपाई. टाचण्या मोजून घ्या आणि मोजून काढा. बाळाच्या वाकळीत एक टाचणी राहिली तर सगळ्या कष्टांवर पाणी पडेल.

खानापूरच्या पलीकडे, हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाजाच्या बायका कवंद नावाची वाकळ घालतात. त्याही कडेकडून आत शिवत येतात, आणि शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात. त्यांना त्या फुलं म्हणतात. फुलं नसलेली कवंद त्यांना उघडी वाटते. त्यांच्यात ख्रिस्ती घरंही आहेत, आणि काही जणी कवंदीवर क्रूस जोडतात. आपल्याकडच्या वाकळीलाही ही फुलं लावून बघा. दोन इंची चौकोन तिरका दुमडला, पुन्हा एकदा दुमडला की घडी तयार. घट्ट शिवा, बाळ ती तोंडात घालणारच.

क्रूसाबद्दल माझं मत सांगते. मंडळीतल्या बाळाला वाकळ देताना जरूर जोडा. कोपीवरच्या बाळाला देताना नको. त्या आईनं ती निःशंक मनानं वापरायला हवी, घरच्यांना उत्तरं द्यायला लागता कामा नये. याच कारणानं वाकळीच्या घडीत पत्रिका किंवा शुभवर्तमानाची पुस्तिका ठेवू नये. परत मिळण्याची आशा न धरता द्या, असं प्रभूनं सांगितलंय (लूक ६:३५). ऐकून घेण्याची अपेक्षा हीसुद्धा परतफेडच आहे. कुणी आपणहून विचारलं तर सांगायला आपल्याला तोंड आहे.

शेवटी वाकळ एकदा धुऊन, दोन उन्हं दाखवून, कोरड्या पिशवीत ठेवा. दव पडायच्या आत आत घ्या.

द्यायची कशी

पहिल्यांदा रिकाम्या हातानं जा. संध्याकाळी टोळी फडावरून परतलेली असते, चुली पेटलेल्या असतात, तेव्हा जा. मुकादमाला कळवा, पण वाटप त्याच्या हातात देऊ नका. बीडची टोळी असेल तर भाषेचा प्रश्न नाही. विजापूरकडची असेल तर कन्नड बोलणारी शेजारीण बरोबर घ्या. वाकळीला ती कौदी म्हणेल आणि दोघींचं लगेच जमेल. किती तान्ही आहेत ते बघा, बायकांशी बोला. मग ठरवा. टोळीत चार बाळं आणि तुमच्या हातात दोनच वाकळी असतील तर थांबा, चारही होऊ द्या. एकीला मिळाली आणि शेजारच्या कोपीतलीला नाही, तर ते देणं त्या दोघींच्या मध्ये येतं.

आईला वापरायचं कसं तेही सांगा: वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना वाकळ अंगाखाली अंथरायची, सैल पांघरूण तोंडाजवळ नको, श्वास कोंडतो. मांडीवर असताना गुंडाळायला हरकत नाही. आणि चुलीपासून लांब.

फोटो काढायचा नाही. मंडळीच्या अहवालासाठीही नाही, व्हॉट्सॲप ग्रुपसाठीही नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये (मत्तय ६:३), हे वचन मोबाइलच्या काळात पाळायला जास्त अवघड झालंय आणि म्हणून जास्त गरजेचं. आपल्या मुलाचा फोटो ‘गरिबाचं बाळ’ म्हणून कुठं फिरतोय हे त्या आईला कधी कळणारही नाही.

ती काही देऊ लागली तर घ्या. उसाची दोन कांडी, चहा, शेंगदाण्याचा कूट घातलेली भाकरी, जे असेल ते. ‘नको नको, तुम्हालाच लागेल’ म्हणालात की तुम्ही देणारे आणि ती घेणारी हे कायमचं ठरून जातं. चहा घेऊन या.

गरीब विधवेनं दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांबद्दल, म्हणजे दोन अगदी लहान नाण्यांबद्दल, आपण दर वर्षी उपदेश ऐकतो. त्याच्या अगदी आधीचं वचन मात्र फार कमी वेळा वाचलं जातं (मार्क १२:४०). तिथं प्रभू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोलतो. म्हणून त्या विधवेचं उदाहरण देऊन गरिबाकडून जास्त काढू नये. मंडळीत ज्या बहिणीकडे स्वतःला पांघरायची भ्रांत आहे तिच्याकडे साडी मागू नका. पण तिला शिवायला मात्र बोलवा, मानानं, सगळ्यांच्या बरोबरीनं. तिलाही देण्याचा हक्क आहे, आणि तिच्या टाक्याला कमी लेखलं जात नाही हे प्रभूनं दानपेटीसमोर बसून दाखवलं. पहिली तयार वाकळ तिच्या घरी द्यायची गरज असेल तर ती तिथं द्या, गाजावाजा न करता. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत कर, तो दुसरं काय पांघरून निजेल? असं निर्गमाच्या २२व्या अध्यायात देव विचारतो. त्याला एका माणसाच्या रात्रीच्या पांघरुणाची इतकी काळजी आहे.

उरलेलं कापड

दुसऱ्या बाजूचा काठ राहिला असेल तर त्याचे बंद करा, वाकळ गुंडाळून बांधायला. बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडून तीनपेडी वेणी घाला आणि ती गोल फिरवून शिवली की पायपुसणं होतं. हातभर तुकड्यांची दुपदरी पिशवी होते. यात फार शिकण्यासारखं नाही.

विरलेला भाग मात्र आता काढा. वाकळीला नको असलेलं तेच मऊ सूत लंगोटाला सगळ्यात उत्तम. फाटलेलं टाळून, धड पण झिरझिरीत तेवढं घ्या. हातभर चौकोन कापा, कडा एकेरी दुमडून शिवा, पाण्यात उकळून उन्हात वाळवा. एका साडीच्या उरलेल्यात सहा-आठ सहज निघतात. घडी करून वाकळीच्या आत ठेवा. फडावर पाण्याची ओढ असते, धुणं रोज होत नाही, त्यामुळे आई आधी ते लंगोटच मोजून बघते.